विनाकारण

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मराठी वर्तमानपत्रांत एक मथळा इतक्या वेळा छापून आला की पुढेपुढे त्याकडे कुणी पाहीनासं झालं: ‘विनाकारण फिरणाऱ्यांवर कारवाई’. नाक्यावर बॅरिकेड, पलीकडे पोलीस आणि त्यांचे ठरलेले दोन प्रश्न. कुठे चाललात? काय काम आहे? डॉक्टरांची चिठ्ठी, दुधाची पिशवी, कामाचं ओळखपत्र, ई-पास यांतलं काहीतरी दाखवता आलं की माणूस पुढे जाई. दाखवायला काहीच नसलं की तो अडे. कोरोनाने आपल्या जगण्यात काय काय बदललं याची यादी लांबलचक होईल, पण सगळ्यांत खोल बदल त्या मथळ्यातल्या पहिल्या शब्दात आहे असं मला वाटतं. माणसाला भेटायचं तर कारण लागतं, ही सवय त्या दोन वर्षांनी लावली. साथ ओसरली, बॅरिकेड उचलले गेले, तरी ‘काय काम आहे?’ हा प्रश्न आपल्या मनात मुक्कामाला राहिला. आणि दरम्यान ज्या तंत्रज्ञानावर आपण विसंबायला शिकलो, ते कारणावाचून चालतच नसल्यामुळे हा मुक्काम पक्का झाला.

बंधनं चुकीची होती, असं मला म्हणायचं नाही. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले, ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही महामारी असल्याचं म्हटलं आणि २५ मार्चपासून सगळा देश घरात बसला. तेव्हा लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं. श्वासातून पसरणारा आजार रोखायचा तर माणसं एकमेकांपासून लांब ठेवायची, एवढाच उपाय हाताशी होता. पण सगळंच बंद ठेवता येत नाही. धान्य, दूध, दवाखाना चालू ठेवावाच लागतो. मग कात्री लागते ती ज्याच्यावाचून अडत नाही त्याला. पारावरच्या गप्पा, कट्टा, शेजारी घटकाभर टेकणं, जेवणानंतरची चक्कर यांच्यावाचून कुणाचा जीव जाणार नव्हता, म्हणून ते आधी गेलं. पूर्वीच्या साथींतही असंच झालं होतं. २०२० मध्ये सरकारने वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. प्लेगच्या काळात वस्त्या ओस पडत आणि माणसं शिवारात झोपड्या बांधून राहत. गाठीभेटी तेव्हाही तुटल्या, पण तुटलेल्या गाठीभेटींच्या जागी बसवायला दुसरं काही नव्हतं. साथ हटली की मोकळी राहिलेली जागा जुन्याच गोष्टींनी भरून येई. या वेळी ती जागा मोकळी राहिलीच नाही. ती भरायला खिशात फोन तयार होता.

सामाजिक कौशल्य म्हटलं की आपल्याला सभेत बोलणं, मुलाखत देणं असलं काहीतरी आठवतं. ते शिकवता येतं, त्याचे वर्गही निघतात. माणसामाणसांतलं खरं कौशल्य मात्र याहून बारीक असतं. समोरचा आता निघायच्या बेतात आहे हे ओळखणं, नको असलेला चहा न दुखवता नाकारणं, रागावलेल्या माणसाजवळ काही न बोलता थांबणं, अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलून विषय सोडून देणं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. हजारो क्षुल्लक प्रसंगांतून ते अंगात मुरतं, आणि यातले बहुतेक प्रसंग विनाकारणच घडलेले असतात. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०२० च्या मार्च ते मे या महिन्यांत जन्मलेल्या सुमारे ३०० बाळांचा अभ्यास केला आणि साथीपूर्वी जन्मलेल्या बाळांशी त्यांची तुलना केली. रांगण्यात ही टाळेबंदीतली बाळं थोडी पुढेच होती. पण वर्षाच्या वयाला एखादा तरी अर्थपूर्ण शब्द बोलणारी बाळं आधीच्या पिढीत १०० पैकी सुमारे ८९ होती, ती आता ७७ च्या आसपास भरली. बोट दाखवणारी कमी झाली. आणि ‘टाटा’ करणारीही कमी झाली. संशोधकांनी सुचवलेलं कारण फार साधं आहे. टाटा करायला घरातून कुणीतरी जावं लागतं, आणि जाण्यासाठी आधी यावं लागतं. आजी, मावशी, शेजारची ताई, कुरिअरवाला, कुणीच उंबरठा ओलांडत नव्हतं. बाळाच्या बुद्धीत उणीव नव्हती. घरात ‘सहज आलो होतो’ म्हणणारा माणूस नव्हता.

आता तंत्रज्ञानाकडे पाहू. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवरच्या बैठकांत दिवसाला सुमारे १ कोटी सहभाग नोंदवले जात, एप्रिल २०२० मध्ये ही संख्या ३० कोटींवर गेली. चार महिन्यांत तीसपट. एरवी असा बदल व्हायला दहा वर्षं लागली असती. या साधनांनी शाळा, कचेऱ्या, न्यायालयं, दवाखाने तगवले, त्यांचे उपकार मान्यच करायला हवेत. पण त्यांची घडणही नीट पाहायला हवी. बैठकीची लिंक विषयावाचून निघत नाही, तिला सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते, आणि बोलावलेल्यांखेरीज आत सहसा कुणी येत नाही. म्हणजे नाक्यावरचे दोन्ही प्रश्न, कुठे आणि कशासाठी, इथे दारातच विचारले जातात. मायक्रोसॉफ्टने आपल्या अमेरिकेतल्या ६१,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या संपर्कांचा अभ्यास केला. जवळच्या सहकाऱ्यांशी संबंध घट्ट झाले होते, पण वेगवेगळ्या विभागांना जोडणारे सैल, अधूनमधूनचे धागे विरळ झाले होते. जिन्यात गाठ पडलेल्या माणसाशी झालेलं बोलणं कुठल्याच बैठकीच्या यादीत बसत नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की पडद्यावरून बोलणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्या जोड्यांपेक्षा कमी कल्पना सुचतात, मात्र सुचलेल्यांतली चांगली निवडण्यात त्या मागे पडत नाहीत. संशोधकांचं म्हणणं असं की पडद्यावर नजर खिळली की मनाचं भटकणंही थांबतं. समोरासमोर बसलेला माणूस बोलता बोलता खिडकीबाहेर, भिंतीकडे, टेबलावरच्या कुंडीकडे पाहतो आणि तेवढ्यात त्याला काहीतरी सुचून जातं. पडद्याने काम उत्तम चालवलं. जे काम नव्हतं, ते त्यातून निसटलं.

शाळेच्या बाबतीत हे सगळ्यांत ठळक दिसतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. युनिसेफच्या हिशेबाने देशभरातल्या १५ लाख शाळा आणि २४.७ कोटी मुलं. महाराष्ट्रात खेड्यांतले पहिली ते चौथीचे आणि शहरांतले पहिली ते सातवीचे वर्ग उघडण्याचा निर्णय १ डिसेंबर २०२१ पासूनचा होता. काही शहरांत ते त्याहून उशिरा उघडले आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस बंद राहिले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत बसायचं होतं ते मूल शाळेचा उंबरठा ओलांडेपर्यंत दुसरीत गेलेलं होतं. शिक्षकांनी हातपाय गाळले नाहीत. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’सारखी मालिका सुरू झाली, कुठे देवळाच्या ओट्यावर चार-चार मुलांना बसवून शिकवलं गेलं. पण मुख्य भिस्त फोनवर होती. ‘असर’ या सर्वेक्षणानुसार २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये ६७.६ टक्के मुलांच्या. शेळी विकून, उसनवारी करून आणलेला हा फोन अभ्यासासाठी आला होता. अभ्यास पुन्हा वर्गात गेला, फोन मात्र घरातच राहिला. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या एखाद्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन महामारीच्या आधीपासूनच पसरत होता, सगळा दोष महामारीला कशाला, असं कुणी म्हणेल. पसरत होता हे खरंच. पण तोवर मुलाच्या हातातला फोन काढून घेण्याचा अधिकार आईबापांकडे होता. २०२० मध्ये शाळेनेच फोन आणा म्हटलं आणि तो अधिकार लंगडा पडला.

मोठ्यांच्या रोजच्या व्यवहारातही हेच बारीक प्रमाणात घडलं. मार्च २०२० मध्ये यूपीआयवरून सुमारे १२५ कोटी व्यवहार झाले, ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांनी १,००० कोटींचा टप्पा ओलांडला. नोटेला हात लावायची भीती हे या वाढीचं एकमेव कारण नाही, पण तिचाही त्यात वाटा आहे. सोय एवढी मोठी आहे की तिच्याविरुद्ध बोलावंसं वाटत नाही. तरी किराण्याच्या दुकानातला एक छोटासा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. बिल होई ४८ रुपये, गिऱ्हाईक ५० ची नोट देई. दुकानदार गल्ला चाळून म्हणे, ‘सुट्टे नाहीत हो.’ मग गिऱ्हाईक म्हणे, ‘असू द्या, उद्या बघू.’ किंवा उलट, दोन रुपये कमी पडले तर दुकानदार म्हणे, ‘राहू दे, येताना द्या.’ या दोन रुपयांत बराच ऐवज होता. उद्या पुन्हा येण्याचं आश्वासन होतं, एकमेकांवर टाकलेला चिमूटभर विश्वास होता, आणि गल्ला चाळण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात ‘मुलाचा निकाल लागला का?’ एवढं विचारून होत असे. आता ४८ म्हणजे ४८. गल्ल्याशेजारचा स्पीकर रक्कम बोलून दाखवतो, गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही त्या आवाजाकडे कान देतात आणि एकमेकांकडे न पाहता मोकळे होतात. कुणीच कुणाचं देणं लागत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं की जिवलग मित्रांपेक्षा असे तोंडओळखीचे लोकच आपल्याला नव्या बातम्या, नव्या संधी, नवं जग आणून देतात, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही बहुधा माहीत असतं. महामारीत जिवलग माणसं आपण व्हिडिओ कॉलवर जपली. तोंडओळखी जपायला मात्र कुठलंच बटण नव्हतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की माणसं परतली आहेत, गर्दी पुन्हा तेवढीच आहे, मग हरवलं काय? मुंबईची लोकल २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून थांबली, १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावली आणि सर्वांसाठी नीट खुली व्हायला दीड वर्षाहून अधिक काळ गेला. आज डब्यात पाय ठेवायला जागा नसते. पण लोकलमधले ते जुने ग्रुप, कुठे टाळ वाजवत भजन, कुठे महिलांच्या डब्यात हळदीकुंकू, कुठे मांडीवर भाजी निवडता निवडता चाललेल्या गप्पा, हे गर्दीतून जन्मले नव्हते. ते जन्मले होते वेळापत्रकातून. तीच गाडी, तोच डबा, आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षं. सोबतच्या माणसांना कुणी निवडलेलं नसे, ती वाट्याला आलेली असत. आता जो आठवड्यातून तीन दिवस कचेरीत जातो आणि दोन दिवस घरून काम करतो, त्याला गाडी मिळते, ग्रुप मिळत नाही. वारीचंही उदाहरण घ्या. २०२० मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. एरवी जवळजवळ तीन आठवड्यांची वाट काही तासांत संपली, आषाढी एकादशीला पादुका पंढरपुरात होत्या आणि परंपरा मोडली नाही. वारकऱ्यांनी ते समजून घेतलं, मनाला मुरड घातली आणि आपापल्या घरी अभंग म्हटले. तरीही ही वारी झाली असं कुणाला वाटलं नाही. पोचणं वाहनाने साधलं होतं. वाटेत अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणून पाणी देणं, दुसऱ्याच्या पायाला तेल लावणं, पावसात एका प्लास्टिकच्या कागदाखाली सहा जणांनी दाटीवाटीने बसणं एसटीत मावलं नाही. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा निघाली, कारण तिच्यामागे सातशे वर्षांचा जोर आहे. पारावरच्या गप्पांमागे असा जोर नाही. त्यांना तिथी नसते, दिंडी नसते, मानकरी नसतात. एकदा मोडल्या की त्या पुन्हा सुरू करायला कुणी पुढे येत नाही, कारण त्या कुणी एकाने सुरूच केलेल्या नसतात.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या विनाकारण भेटींबद्दल मी हळहळतो आहे, त्या सगळ्यांच्या वाट्याला कधी होत्या? कट्टा पुरुषांचा होता. न सांगता आलेल्या पाहुण्याचं कौतुक घरात होई, पण त्याच्यासाठी चौथ्यांदा चुलीपुढे उभी राही ती सून. पारावर कोण बसणार आणि कोण खाली उभं राहणार, हे जातीने ठरवलेलं होतं. ज्यांच्या आजीआजोबांनी शिवाशिव सोसली, त्यांच्या कानाला ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द कसा बोचला असेल, याचा विचार फार थोड्यांनी केला. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणा, असं सुचवलं होतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं ते मुंबईतल्या स्त्रियांबद्दल. त्यांचं निरीक्षण असं की रस्त्यावरच्या बाईला सतत कामात असल्यासारखं दिसावं लागतं. हातात पिशवी हवी, कानाला फोन हवा, पावलांत घाई हवी. नुसतं उभं राहण्याची, रेंगाळण्याची मुभा तिला नाही. म्हणजे नाक्यावरचे ते दोन प्रश्न बायकांना जन्मभर विचारले जात होते, २०२० मध्ये ते पहिल्यांदा पुरुषांनाही ऐकावे लागले. पडद्यामुळे अनेकींना दार उघडलं हेही खरं. गावात बसून पुण्यातलं व्याख्यान ऐकता आलं, घरून नोकरी करता आली, नको त्या चौकशा चुकल्या. हे सगळं मी मान्य करतो. पण यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे असं मला वाटतं. ज्यांना कट्टा कधी मिळालाच नाही, त्यांना तो मिळायला हवा होता. सगळ्यांचा कट्टा गेल्याने त्यांना न्याय झाला असं होत नाही. शिवाय फोनचं दारही सारखं उघडलेलं नाही. ‘असर’ २०२४ नुसार फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २७ टक्क्यांकडे. आणि धारावीसारख्या वस्तीत, जिथे दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहतात आणि शौचालय सार्वजनिक आहे, तिथे गल्ली हीच घराची दुसरी खोली असते. तिथल्या माणसाला ‘विनाकारण बाहेर पडू नका’ हे सांगणं म्हणजे अर्ध्या घरातून बाहेर हो म्हणणं होतं.

तिसरा आक्षेप मला दिलासा देतो. मुलं सावरतात. आयर्लंडमधली तीच बाळं दोन वर्षांची झाली तेव्हा बहुतेक बाबतींतला फरक मिटलेला होता, संवादात थोडं अंतर उरलं होतं. आपल्याकडे, ‘असर’नुसार, ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या १०० मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये सुमारे २१ होती, २०२२ मध्ये १६ झाली आणि २०२४ मध्ये २३ वर गेली. म्हणजे वाचनाची तूट भरून निघाली आणि वर थोडी भर पडली. आपसूक नाही, ती तूट आहे हे सगळ्यांना दिसत होतं, मोजता येत होतं, आणि तिच्यासाठी शिक्षक झटले. महाराष्ट्रात शाळा उघडायच्या आधीच, जुलै २०२१ मध्ये, ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला गेला. मागच्या इयत्तेचं गणित, मागच्या इयत्तेची भाषा, दिवसागणिक कृतिपत्रिका. मधल्या सुट्टीसाठी मात्र सेतू नव्हता. वर्ग भरले ते एका बाकावर एक मूल, असे. जे मोजलं जात नाही, त्याची तूटही कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

मधल्या सुट्टीत मुलं काय शिकतात, हे पाहायचं असेल तर कुठल्याही शाळेच्या मैदानाकडेला पाच मिनिटं उभं राहावं. पकडापकडी सुरू होण्यापूर्वी राज्य कुणावर हे ठरतं. तीन-तीन हात एकावर एक येतात, पालथे-उताणे होतात, वेगळा पडलेला सुटतो, आणि शेवटी उरलेला ‘तू नंतर हात फिरवलास’ म्हणून भांडतो. भांडण कुणी मोठा मिटवत नाही. कुणीतरी ‘चल, पुन्हा’ म्हणतं आणि ते मिटतं. बुटाची नाडी सुटली की ‘टाइम प्लीज’ म्हणून हात वर जातो आणि पाठलाग करणाराही खरंच थांबतो. रडीचा डाव खेळणाऱ्याला उद्या भिडू म्हणून कोण घेणार, हा धाकही त्यातच असतो. फोनवरच्या खेळात हे काहीच ठरवावं लागत नाही, नियम यंत्राने ठरवलेले असतात आणि हरलं की नवा डाव सुरू होतो. आणि मैदानावर कुणाचा तरी धाकटा भाऊ असतोच, पहिलीतला, सगळ्यांच्या मागे धावणारा. त्याला काढून टाकलं तर तो रडेल, आणि घेतला तर सारखं त्याच्यावरच राज्य येईल. त्यावरचा तोडगा मुलांकडे फार जुना आहे. ते त्याला कच्चं लिंबू करतात. तो खेळतो, पळतो, ओरडतो, कधी हाती सापडतोही. राज्य असलेला मुलगा त्याच्या पाठीवर हळूच थाप मारतो आणि त्याला सोडून पुढच्याच्या मागे धावतो.